बायकांचा खेळ आणि बघणारे

नाशकात हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान कुठे आहे असे एखाद्या रिक्षावाल्याला विचारले, तर तो क्षणभर विचारात पडतो. 'गोल्फ क्लब' म्हटले की लगेच निघतो. त्र्यंबक रस्त्यावरच्या या मैदानावर कोणी गोल्फ खेळताना आमच्या पिढीने पाहिलेले नाही. इथे रणजीचे सामने होतात, सभा होतात, आणि कडेच्या मार्गावर सकाळ-संध्याकाळ अर्धे शहर रक्तातली साखर उतरवायला येते. ज्या तरुणाने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि पुढच्या एप्रिलात जो ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला, त्याचे नाव मैदानाला आहे. लोकांच्या तोंडी मात्र साहेबाचा खेळ चिकटून बसला आहे. साहेब गेला, खेळ गेला, खेळाचे नाव तेवढे राहिले.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली काही वर्षे याच मार्गावर चालतो. चालताना बोलण्याचे विषय ठरलेले असतात: उत्तरपत्रिका, प्राचार्य, भाज्यांचे भाव. त्यात एक विषय अधूनमधून डोके वर काढतो. बायकांचे खेळ कोण बघते? आणि बघत नसतील तर का बघत नाहीत? गोल्फ क्लबच्या नावाने चालत असल्यामुळे असेल, पण आमचे उदाहरण बहुधा गोल्फचेच असते. खरे तर ज्या खेळाशी आपला तीळभर संबंध नाही, त्याच्याकडे बघताना बघण्याची क्रिया अधिक स्वच्छ दिसते. क्रिकेटबद्दल बोलताना आपण सगळे नातेवाईक होतो. गोल्फच्या बाबतीत आपण निव्वळ परके.

आणि तरीही, ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी पहाटे हे परकेपण काही तासांपुरते गळून पडले होते. टोकियोत महिलांच्या गोल्फची चौथी आणि अखेरची फेरी चालू होती. साठ खेळाडूंत बंगळुरूची अदिती अशोक तीन फेऱ्यांअखेर दुसऱ्या स्थानावर होती. जागतिक क्रमवारीत ती तेव्हा २०० वी होती. तिची आईच तिची कॅडी होती, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारी आणि सल्ला देणारी साथीदार. आमचे वर्ग तेव्हा ऑनलाइन चालत, त्यामुळे सहकाऱ्यांचा गट दिवसरात्र जागाच असे. त्या सकाळी तिथे संदेशांचा पाऊस पडला. बर्डी म्हणजे काय? ज्याचा आकडा कमी तो पुढे कसा? एका भूगोलाच्या प्राध्यापकांनी पार, बर्डी आणि बोगी यांचा तक्ता हाताने काढून त्याचे छायाचित्र पाठवले. मध्येच विजांमुळे खेळ थांबला, तर एकजण म्हणाले, आता पाऊसच पडू दे, तीन फेऱ्यांवर निकाल लागला तर पदक पक्के. पाऊस तेवढा पडला नाही. अदितीने चार दिवसांत २६९ फटके घेतले. सुवर्ण जिंकणाऱ्या नेली कोर्डाने २६७. रौप्य आणि कांस्य २६८ वाल्या दोघींत वाटले गेले. एका फटक्याने पदक हुकले. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला सुवर्णपदक घेऊन आला आणि गोल्फचा तक्ता संदेशांच्या ढिगाखाली गेला तो गेलाच.

या प्रसंगाकडे आम्ही पुन्हापुन्हा वळतो, कारण बायकांचे खेळ न बघण्याची जी कारणे एरवी सांगितली जातात, त्यांतले एकही त्या सकाळी आड आले नाही. पहिले कारण ताकदीचे. बायकांच्या खेळात वेग नाही, जोर नाही, मग मजा कसली, असे आमचे विद्यार्थी सांगतात, आणि विद्यार्थिनीही सांगतात. पण टोकियोतल्या त्या मैदानात सर्वांत कमी लांबीचे फटके मारणाऱ्यांत अदितीची गणना होती. त्या वर्षी तिला करोना होऊन गेला होता आणि अंगातला जोर कमी झाला होता. प्रतिस्पर्धिनींचे चेंडू तिच्या कितीतरी पुढे जाऊन पडत. ती ते सारे अंतर शेवटच्या हिरवळीवर, चेंडू अलगद ढकलून, भरून काढीत होती. त्या अलगद ढकलण्याकडे आम्ही श्वास रोखून बघत होतो. जोर नसल्याची तक्रार कोणी केल्याचे आठवत नाही.

गोल्फपुरते बोलायचे तर ताकदीचा मुद्दा उलटाही पडायला हवा. जगात गोल्फ बघणारे पुष्कळसे लोक स्वतः थोडेफार गोल्फ खेळणारे असतात. व्यावसायिक पुरुषांचा पहिला फटका सरासरी ३०० यार्डांच्या आसपास जातो, व्यावसायिक बायकांचा २५० च्या थोडा पुढे. रविवारी खेळणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला यातले काही शिकायचे असेल, तर त्याने बायकांचा खेळ बघणे शहाणपणाचे. तिथली लय, तिथले अंतर त्याच्या आवाक्याच्या जवळचे असते. तो तसे करीत नाही. तो टायगर वूड्स बघतो. म्हणजे प्रेक्षक काही शिकायला येत नाही. आमच्या वर्गावरचा अनुभवही याहून वेगळा नाही, पण ते असो.

दुसरे कारण सांगतात ते खेळ समजत नसल्याचे. तेही त्या सकाळी टिकले नाही. चार तासांत अर्ध्या शिक्षकवर्गाला गोल्फ कळू लागले होते. कळण्याची निकड असली की माणूस काहीही समजून घेतो.

मग राहते काय? पदक, असे उत्तर सोपे आहे. आम्ही खेळ बघत नव्हतो, तिरंगा बघत होतो. हे खरे आहे, पण अर्धेच. कारण झेंड्यासाठी जमलेला प्रेक्षक कधीकधी खेळासाठी थांबतो, आणि कधीकधी घरी निघून जातो. या दोहोंत फरक कशाने पडतो, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्यावे. १९९७ च्या अखेरीस तो देश आर्थिक अरिष्टात सापडला होता. कारखाने बंद पडत होते, माणसे घरी बसत होती. पुढच्या जुलैत अमेरिकन महिला खुल्या स्पर्धेत पाक से-री नावाची वीस वर्षांची मुलगी बरोबरीनंतरच्या जादा खेळात उभी होती. तिचा चेंडू तळ्याच्या काठावर जाऊन थांबला. तिने बूट काढले, मोजे काढले, पाण्यात उतरली आणि तिथून चेंडू बाहेर मारला. मोज्यांनी झाकलेली पावले पांढरीफटक आणि वरचे पाय उन्हाने रापलेले, हे दृश्य त्या देशात घरोघरी पाहिले गेले. तीही झेंड्याचीच गोष्ट होती. पण कोरियात बायकांचे व्यावसायिक गोल्फ १९७८ पासून सुरू झाले होते. पाक से-री जिंकल्यावर ज्यांच्या मनात हा खेळ बघायची इच्छा जागी झाली, त्यांच्यासाठी देशातच स्पर्धा होत्या, आणि त्या दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या. लहान मुलींच्या हातात काठ्या आल्या. २०१६ साली रिओत सुवर्ण जिंकणारी पार्क इन-बी त्या तळ्याच्या दिवशी दहा वर्षांचीही नव्हती. आज कोरियात बायकांच्या देशांतर्गत गोल्फला पुरुषांच्या गोल्फपेक्षा अधिक प्रेक्षक आहेत. ही गोष्ट आम्ही स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. बायकांच्या खेळाला प्रेक्षक नसणे हा सृष्टीचा नियम आहे, अशी आपली समजूत असते.

आपल्याकडे काय झाले? आपल्याकडेही महिलांची व्यावसायिक गोल्फ मालिका आहे. अदितीने २०१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गुरुग्रामला भारतीय महिला खुली स्पर्धा जिंकली, आणि युरोपीय मालिकेतली स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. हरियाणाची दीक्षा डागर जन्मतः श्रवणदोष असूनही २०१९ साली दक्षिण आफ्रिकेत आणि २०२३ साली चेक प्रजासत्ताकात जिंकली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अदिती सात फटक्यांच्या आघाडीनिशी अखेरच्या फेरीत उतरली आणि रौप्यावर आली; गोल्फमध्ये आशियाई पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. तो रविवार होता, सुट्टी होती, पदकही होते. भूगोलाच्या प्राध्यापकांचा तक्ता पुन्हा कोणी शोधला नाही. दोन वर्षांत मधे एकही धागा नव्हता, म्हणून नवी गाठ बसली नाही, असे आम्हाला वाटते. २०२१ च्या ऑगस्टनंतरच्या शनिवारी अदिती कुठे खेळणार, कोणाविरुद्ध, ते कुठे दिसेल, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पुढचा शनिवार नसलेला प्रेक्षक हा प्रेक्षक राहत नाही, तो वऱ्हाडी होतो. जेवला आणि गेला.

गोल्फ दाखवायलाही अवघड खेळ आहे. अठरा खळगे, शेकडो एकर जमीन, आणि एकाच वेळी वेगवेगळ्या जागी खेळणारे कितीतरी जण. कबड्डीत सगळी गोष्ट एका चौकटीत घडते. गोल्फमध्ये कॅमेरे जिथे वळतील तिथे गोष्ट. कॅमेरे भरपूर असतील तर चार-पाच खेळाडूंची कथानके एकमेकांत विणली जातात. थोडे असतील तर एक बाई चालते आहे, चालते आहे, आणि शेवटी चेंडू खळग्यात पडतो, एवढेच दिसते. ज्या अमेरिकेत १९५० साली तेरा जणींनी महिलांची व्यावसायिक संघटना उभी केली, तिथेही बायकांच्या स्पर्धा वर्षानुवर्षे थोड्या कॅमेऱ्यांनी, कधी तर निकाल लागून गेल्यावर उशिराने, दाखवल्या गेल्या. मग म्हणायचे, बायकांचे गोल्फ कंटाळवाणे असते. कादंबरीची मधली पाने फाडून वाचायला द्यावी आणि लेखिकेला कथानक जमत नाही म्हणावे, त्यातला हा प्रकार.

आता थोडे आमच्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे. 'फॅन' या शब्दाला मराठीत नीटसा शब्द नाही. 'चाहता' आहे. गोलंदाजाचा चाहता म्हटले की कोणाला काही वाटत नाही. एखाद्या महाविद्यालयीन खेळाडू मुलीचा चाहता म्हणून पाहा. वाक्याचा रंग तत्काळ बदलतो, घरचे सावध होतात. 'रसिक' गाण्याला, 'दर्दी' तमाशाला, 'बघ्या' अपघाताला. आणि 'मुलगी बघायला जाणे' या शब्दप्रयोगात कर्ता कोण, कर्म कोण, पोहे कोणी आणायचे, हे सगळे ठरलेले. ज्या भाषेत मुलीला बघणे ही इतक्या काळाची एक विशिष्ट क्रिया आहे, त्या भाषेत मुलीचा खेळ बघणे ही स्वतंत्र क्रिया म्हणून रुळायला वेळ लागणारच. आमच्या महाविद्यालयाच्या खो-खो संघातल्या एका मुलीने सांगितले होते की प्रेक्षक नसले की तिला बरे वाटते. कुंपणापाशी उभी राहणारी मुले खेळ बघायला आलेली नसतात, हे तिला पहिल्या सामन्यातच कळले होते. तेव्हा ओस पडलेले मैदान ही तिची तक्रार नव्हती. तो तिचा आडोसा होता. प्रेक्षक वाढवा म्हणताना हे विसरून चालत नाही. व्यावसायिक गोल्फमध्येही, खेळाडूंच्या गळ्याची खोली आणि स्कर्टची लांबी यांबद्दल २०१७ साली अमेरिकेतल्या त्याच महिला संघटनेने नियम काढले आणि त्यावर जी चर्चा झाली, ती चेंडूविषयी अर्थातच नव्हती.

बायकांच्या खेळाला प्रेक्षक मिळतच नाहीत, या समजुतीला इतिहासही फारसा आधार देत नाही. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा फुटबॉल सामना बघायला ५३,००० माणसे आली होती. पुढच्या डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की आपल्या सभासद क्लबांची मैदाने बायकांना द्यायची नाहीत. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. त्या पन्नास वर्षांत वाढलेल्या माणसांना बायकांचा फुटबॉल कोणी बघत नाही हे डोळ्यांना दिसतच होते. आपल्याकडे १९७३ च्या एप्रिलात पुण्यात मुलींच्या आंतरराज्य क्रिकेटची पहिली स्पर्धा झाली, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे अवघे तीन संघ. तीनच वर्षांनी, १९७६ च्या नोव्हेंबरात, शांता रंगास्वामीच्या संघाने पाटण्याला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी जिंकली, तेव्हा हजारो लोक मैदानात होते. ते हजारो लोक पुढे कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. त्यांना बोलावणारा पुढचा सामना आला नाही, किंवा आला तेव्हा तो कुठे आहे हे कळले नाही.

नाशिकची गोष्ट तर आमच्या समोर घडलेली. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत नाशकात विजेंदर सिंग यांच्याकडे तयार झाली, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्य मिळवले. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. पुढच्याच महिन्यात ग्वांगझोऊला रौप्य. शहराने तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' केले, फलक लागले, सत्कार झाले. आम्ही तेव्हा वर्गात विचारले होते की १० हजार मीटर म्हणजे मैदानाच्या किती फेऱ्या. पंचवीस हे उत्तर साठांतल्या दोघांना आले. ती कशी धावते, शेवटच्या फेऱ्यांसाठी किती राखून ठेवते, हे बघितलेले कोणीच नव्हते. पाण्यासाठी पायपीट करणारी मुलगी सगळ्यांना पाठ होती, धावणारी बाई कोणी पाहिली नव्हती. २०२२ साली सिन्नरची माया सोनवणे महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये व्हेलॉसिटी संघाकडून उतरली, तेव्हाही असेच काहीसे झाले. चेंडू टाकताना मान खाली घालून अंग पिळवटण्याची तिची तऱ्हा पाहून लोकांना दक्षिण आफ्रिकेचा पॉल अ‍ॅडम्स आठवला. ती काही सेकंदांची चित्रफीत आमच्याकडे निदान दहा जणांकडून आली. चेंडू पडल्यावर किती वळला, हे चित्रफितीत नव्हते आणि विचारलेही कोणी नाही.

याच्या उलट बाजू क्रिकेटची. २०१७ च्या जुलैत लॉर्ड्सवर अंतिम सामना ९ धावांनी हरलो, तेव्हा झेंड्यामागचा प्रेक्षक पहिल्यांदा मोठ्या संख्येने आला. पण २०२३ च्या मार्चपासून महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा त्याला उद्याचा सामना मिळाला, परवाचा मिळाला, आणि पुढच्या वर्षीचाही. पहिल्या मोसमात बायकांना प्रवेश मोफत होता. आमच्या ओळखीच्या काही जणी नाशकाहून मुंबईला गेल्या त्या फुकट म्हणून, आणि परत आल्या त्या यास्तिका भाटियाने तो झेल कसा घेतला यावर भांडत. भांडणे हे प्रेक्षकाचे खरे लक्षण. कौतुक कोणीही करते. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा पावसाने लांबलेला तो सामना संपायला मध्यरात्र झाली होती आणि माणसे जागची हलली नव्हती. शेफाली वर्माला गोलंदाजी द्यायचा निर्णय धाडसाचा की वेडेपणाचा, यावर आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या दिवशीही वाद चालू होता. वाद घालणाऱ्यांत दोन आजीबाई होत्या.

खो-खोला मात्र हे भाग्य अजून लाभलेले नाही. हा खेळ आपला. त्याचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. आमच्या जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठेकडच्या मुली त्यात फार पुढे आहेत. पण २०२२ साली खो-खोची व्यावसायिक लीग आली ती पुरुषांची. कबड्डीत २०१६ साली पुरुषांच्या लीगला जोडून बायकांचे तीन संघ खेळवले गेले. अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने सुटला, याहून चुरस कोणी द्यायची, आणि पुढच्या वर्षी ती स्पर्धा झालीच नाही. १९ जानेवारी २०२५ रोजी प्रियांका इंगळेच्या संघाने दिल्लीत नेपाळला ७८-४० असे हरवून पहिला खो-खो विश्वचषक आणला. आमच्या संघातल्या मुलींनी तो सामना एका मोबाइलवर नऊ जणींनी मिळून पाहिला.

त्यांच्यातली ती आडोसा शोधणारी मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. विश्वचषकानंतर ती एकदा आमच्या विभागात आली आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे वेळापत्रक टेबलावर ठेवून गेली. या, असे म्हणाली नाही. सामने तालुक्याच्या गावी, दोन मंगळवारी. पहिल्या मंगळवारी आम्ही गेलो. प्रेक्षक आम्ही धरून अकरा, त्यांत दोन्ही संघांचे राखीव खेळाडू सात, एक बसचालक आणि एकीचा भाऊ. खांबाजवळ तिने अशी हूल दिली की पाठलाग करणारी तोंडावर पडली, आणि बसचालकाने पंचांच्या निर्णयावर इतका आरडाओरडा केला की त्याला सीमारेषेमागे पाठवावे लागले. परतताना तो सबंध रस्ता आम्हाला आक्रमणातल्या चुका समजावून सांगत होता. दुसऱ्या मंगळवारी आमचे सव्वाबाराचे तास आहेत. ते शुक्रवारवर ढकलले आहेत, आणि एकच्या एस.टी.ने निघायचे ठरले आहे.